आफ्रिकेतले तरुण काहीच करत नाहीत, हे कोणी ठरवलं?

"आफ्रिकेतल्या तरुणांना दोनच गोष्टी येतात: मदतीसाठी हात पसरणं आणि बोटीत बसून युरोप गाठणं. हवामानबदलाचं रडगाणं गातात, जंगलं मात्र स्वतःच तोडतात. त्यांच्यातला एकही तरुण काही करताना दिसत नाही." व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर माझ्या नववीतल्या भाच्याने वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवला. आता गप्प बसवत नाही.

शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण सगळ्यात खोटं तेच. युगांडाची व्हेनेसा नकाटे जानेवारी 2019 पासून राजधानी कंपालाच्या रस्त्यांवर हवामानबदलाविरुद्धचे फलक घेऊन उभी राहत होती. वर्षभराने स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेवेळी स्वीडनची हवामान कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्ग आणि आणखी तिघींबरोबर तिचा फोटो निघाला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तो दिला तेव्हा कडेची नकाटे कापलेली होती, उरलेल्या चौघी गोऱ्या. तुम्ही फक्त फोटो नाही, अख्खा खंड पुसलात, असं तिने सुनावलं. वृत्तसंस्थेला माफी मागावी लागली. दिसत नाहीत म्हणे! दिसू दिलं तर दिसतील ना.

जंगलतोडीत अर्धं सत्य आहे, ते नाकारता येत नाही. युगांडात बहुतेक घरांचा स्वयंपाक लाकडावर नाहीतर कोळशावर होतो. पण नकाटेने हात घातला तो नेमका तिथेच. तिच्या प्रकल्पातून ग्रामीण शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल बसतात आणि स्वयंपाकघरात कमी लाकडात भागणाऱ्या चुली येतात. अख्ख्या शाळेचं जेवण जिथे शिजतं, तिथे किती सरपण वाचत असेल याचा विचार करा. पैसा देणग्यांचा, बराचसा बाहेरचा, हेही खरं. पण आपल्या दुष्काळी गावात देणग्यांमधून बंधारा झाला की आपण सत्कार करतो, मग त्यांचंच काम भीक कसं? शेजारच्या केनियात एलिझाबेथ वाथुतीने 2016 पासून शाळकरी मुलांना झाडं लावायला आणि जगवायला शिकवलं आहे.

बोटींचं म्हणाल, तर देश सोडणाऱ्या आफ्रिकनांपैकी निम्म्याहून अधिक जण आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात जातात.

आणि रडगाणं? जगाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा आफ्रिकेत राहतो, कार्बन उत्सर्जनात वाटा जेमतेम 4 टक्के. 2020 च्या अखेरीपासून केनिया, सोमालिया आणि इथिओपियाच्या दक्षिण भागात सलग पाच पावसाळे हुकले, लाखो जनावरं मेली. हवामानबदलामुळे अशा दुष्काळाची शक्यता किमान शंभर पटींनी वाढली, असं वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या, आपत्तींमागे हवामानबदलाचा हात किती हे तपासणाऱ्या गटाच्या शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये सांगितलं. ज्यांच्या दावणी रिकाम्या झाल्या, त्यांनी बोलायचंही नाही का?