कुणी हाक मारत नाही म्हणून

‘आज काय उडवलंत, साहेब?’ हे आता मला चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकावं लागतं.

अंबडच्या एमआयडीसीत आम्ही शेतपंपांचे पॅनेल बनवतो. चिपची 64 केबी फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवायची जागा, भरली, म्हणून साहेबांचा हुकूम: सी भाषेतल्या प्रोग्राममधली बिनकामाची फंक्शनं काढा. आमचा कंपायलर जीसीसी चुगली करतो ती फक्त स्टॅटिक, म्हणजे एकाच फाइलीपुरत्या फंक्शनांची. बाकीच्यांना दुसऱ्या फाइलीतून कुणी बोलावत असेल म्हणून मूग गिळून बसतो. मग सीच्या सगळ्या फाइली एकत्र तपासणारं सीपीपीचेक चालवलं. 41 नावं आली. चार दिवस बसून सगळी उडवली. बिल्ड सुरळीत. मी खुशीत मिसळ मागवली.

रस्सा यायच्या आत पॅनेल मुकं झालं. मोटर चालू, बंद होईना. स्टोअरचे आप्पा वायरचं बंडल खांद्यावर घेऊन बघत होते.

“काय काढलंत?”

“ज्याला कुणीच हाक मारत नव्हतं, ते.”

“फायर ब्रिगेडला तुम्ही रोज हाक मारता काय?”

मी गप्प.

“साडूच्या पोराच्या लग्नाला मला बोलावलं नव्हतं. आचारी पळाला, तेव्हा रात्री अकराला पंचवटीतून मलाच उचलून नेलं. दोनशे माणसांचं पिठलं! गुठळी नाही एक!”

पिठलं उतरेपर्यंत साहेबही येऊन उभे राहिले होते.

चीड याची, की आप्पा बरोबर होते. मी उडवलेल्यात सिरीयल पोर्टचा इंटरप्ट हँडलर होता, म्हणजे पोर्टवर बाइट आला की धावून येणारं फंक्शन. त्याला सीमधून कुणी बोलावत नाही, हार्डवेअर बोलावतं. पत्ता असतो व्हेक्टर टेबल नावाच्या यादीत, टेबल असेंब्ली भाषेच्या फाइलीत, आणि तिकडे सीपीपीचेक फिरकतही नाही. सगळे तुकडे जोडणाऱ्या लिंकरने तरी बोंब मारावी? छे! स्टार्टअप फाइलीत त्याच नावाचा वीक डमी, म्हणजे खरा नसेल तरच बसणारा बदली, तयारच होता. पहिला बाइट आला आणि हा गडी अनंत लूपमध्ये गोल फिरत बसला. असल्यांना आमच्याकडे बढती मिळते.

वर कालचं इंटर्न पोरगं म्हणतं, “सर, फंक्शन-सेक्शन्स आणि जीसी-सेक्शन्स हे फ्लॅग लावले असते तर बिनवापराची फंक्शनं लिंकरनेच काढली असती. टेबलाला कीपची, म्हणजे ‘काढू नको’ची खूण आहे, त्यात हँडलरचा पत्ता, म्हणून त्याला धक्का लागला नसता.” दोन फ्लॅग! माझे चार दिवस! बरं, 40 फंक्शनं बिनचूक काढली, त्याचं कुणी नाव घेईल?

आज स्टोअरमध्ये सोल्डरची वायर मागितली.

“कुणी मागत नव्हतं,” आप्पा म्हणाले, “काढून टाकली.”