पोटातली कळ ‘मनाची’ ठरवण्याआधी

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या सुजेच्या आजारांत पोट दुखतं तेव्हा मेंदूत हालचाल दिसते, म्हणजे दुखणं मनाचं; आजार टेन्शनचा; रिपोर्ट नॉर्मल आले की गोळ्या सोडा, प्राणायाम करा. माझ्या मावसबहिणीला क्रोन्स आहे. तिलाही हा मजकूर काळजीपोटी पाठवला गेला, म्हणून लिहिते आहे.

‘मेंदूत दिसतं, म्हणजे मनाचं.’ बोट दारात चेमटलं तरी कळ जाणवते ती मेंदूमुळेच. आतड्यातले संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूत पोचतात आणि इन्सुला, सिंग्युलेट कॉर्टेक्स हे भाग जागे होतात. कुठल्याही वेदनेत ते होतात. स्कॅन बघून अमक्याचं दुखणं खोटं, असं ठरवता येत नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतंय कशाला?’ या वाक्याने पेशंट सगळ्यात जास्त खचतात. सूज उतरल्यावरही सुमारे एक तृतीयांश जणांच्या पोटाच्या तक्रारी चालूच राहतात. बराच काळ सूज राहिली की आतड्यातले मज्जातंतू हळवे होतात, मज्जारज्जू आणि मेंदूही तिथून येणारा संदेश वाढवून घेतात. मग नुसता गॅस धरला तरी जीव कासावीस होतो. शिवाय जुन्या व्रणांनी आतडं अरुंद झालेलं असू शकतं, आणि लहान आतड्याचा बराचसा भाग कोलोनोस्कोपीच्या नळीच्या टप्प्यात येतच नाही. बहीण घाटकोपरहून दादरला लेडीज डब्यातून जाते. लोकलमध्ये टॉयलेट नाही, म्हणून सकाळी काही खात नाही. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्याने पर्स पोटाच्या उजव्या बाजूला दाबलेली, कपाळावर घाम. त्याच आठवड्यात तिची कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारी शौचाची तपासणी नॉर्मल आली होती. तिला ‘तू उगाच मनाला लावून घेतेस’ असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

‘टेन्शनमुळे होतो.’ हे मत जुनं आहे. 1950च्या सुमारास फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाने अल्सरेटिव्ह कोलायटिस मनातून उद्भवणाऱ्या आजारांत धरला होता. आता जनुकं, प्रतिकारशक्ती आणि आतड्यातले जिवाणू यांच्याकडे पाहिलं जातं. क्रोन्सशी जोडलेलं नॉड-2 हे जनुक 2001 मध्ये सापडलं. ताणाने त्रास वाढतो, हे मात्र खरं.

‘गोळ्या सोडा.’ हे मुळीच करू नका. बहुतेकदा सूज दबलेली असते ती गोळ्यांमुळेच. दुखलं की केमिस्टकडून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळीही आणू नका, त्याने आजार उसळू शकतो. आपल्याकडे आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि क्रोन्सवर देतात ते स्टिरॉइड टीबीत दिलं तर तो भडकतो, त्यामुळे दुसऱ्याचं प्रिस्क्रिप्शन वापरणंही घातक.

प्राणायाम जरूर करा, औषधांच्या जोडीने. आतडं आणि मेंदू यांच्यातला हा धागा ओळखूनच डॉक्टर कधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन या मुळात डिप्रेशनवरच्या औषधाचा कमी डोस देतात, कधी समुपदेशन सुचवतात. ‘डिप्रेशनची गोळी’ म्हणून ती परस्पर बंद करू नका. आणि शौचातून रक्त, ताप, वजन उतरणं किंवा पोट फुगून उलट्या, यातलं काहीही दिसलं तर ग्रुपवर विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.