इंदिरा जयसिंग यांच्याबद्दलचा तो फॉरवर्ड: एकेक मुद्दा घेऊन उत्तर

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, सुप्रीम कोर्टातल्या ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांच्याबद्दल. खाली काकांची स्वतःची ओळ, "आपल्या पोरीला हेच व्हायचंय का?" पोरगी म्हणजे माझी भाची, यंदाच लॉची सीईटी दिलीय. तिने मला वेगळा मेसेज केला, मावशी हे खरंय का गं. तेव्हापासून डोकं फिरलंय. काकांवर राग नाही, त्यांनी नुसतं पुढे ढकललं, पण ज्याने हे लिहिलंय त्याने एका ओळीचीही शहानिशा केलेली नाही, म्हणून बसून उत्तर लिहितेय.

फॉरवर्डमधले दावे थोडक्यात असे. ही निर्भयाच्या बलात्काऱ्यांची वकील. आयुष्यात एका बाईसाठी केस लढली नाही. फाईव्ह स्टार ॲक्टिव्हिस्ट, गरिबाशी संबंध नाही. कोर्टाची बदनामी हाच धंदा. परदेशी पैसा खाल्ल्याबद्दल शिक्षा झालेली. आणि शेवटी, लहान मुलींवरच्या अत्याचाराला परवानगी मागतेय.

निर्भयाचं आधी, कारण तेच वाचून लोक भडकतात. जयसिंग त्या आरोपींच्या वकील नव्हत्या. आरोपींचे वकील ए. पी. सिंग, त्यांना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलंय. मग हे आलं कुठून? तर जानेवारी २०२० मध्ये, फाशी तोंडावर आलेली असताना, जयसिंग यांनी ट्विट केलं की निर्भयाच्या आईने सोनिया गांधींसारखं करावं, त्यांनी जसं राजीव गांधींच्या हत्येतल्या दोषी नलिनीला माफ केलं तसं. आई भयंकर चिडली, आणि चिडणारच. मला स्वतःला ते ट्विट अजिबात आवडलं नव्हतं, जिची लेक तशी गेली तिला माफ कर म्हणून तिसऱ्याने जाहीर सांगायचं नसतं. एवढं मान्य. पण जयसिंग यांचा फाशीलाच विरोध आहे, कुणाचीही असो, आणि ते मत त्या उघड मांडतात. मत मांडणं आणि वकीलपत्र घेणं यातला फरक कळत नसेल तर कायद्याबद्दल लिहू नये. आणि समजा घेतलंही असतं वकीलपत्र, तरी? कसाबला वकील दिला होता की आपण, अगदी सुप्रीम कोर्टापर्यंत, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झालीच. वकील मिळाला म्हणून तो सुटला नाही, उलट त्या निकालाकडे जगात कुणाला बोट दाखवता आलं नाही.

आता "एका बाईसाठी केस लढली नाही". हे वाक्य लिहायला हात कसा धजला मला खरंच कळत नाही. केरळमधल्या मेरी रॉय यांची केस घ्या. त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात ख्रिश्चन मुलीला बापाच्या इस्टेटीत भावाच्या वाट्याचा पाव हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. जे कमी असेल ते! १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा आता लागू नाही असं ठरवलं, वकील जयसिंग. १९९९ ची गीता हरिहरन केस, आईला मुलाची पालक म्हणून सही करता येईना, रिझर्व्ह बँकेने मुलाच्या नावचे बाँड अडवलेले, तीही जयसिंग यांचीच. रूपन देओल बजाज या आयएएस बाईंनी पंजाबचे पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल यांच्यावर विनयभंगाची तक्रार केली १९८८ मध्ये, गिल तेव्हा देशाचे हिरो, हायकोर्टाने एफआयआरच रद्द केला, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो परत उभा केला, पुढे गिल दोषी ठरले. तिथेही बजाज यांच्या बाजूने जयसिंगच. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा येण्यामागे त्यांच्या लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने किती काम केलंय ते वेगळंच.

पण मला भाचीला सांगायची होती ती केस वेगळी, ती फारशी कुणाला माहीत नसते. मध्य प्रदेशातल्या एक महिला न्यायाधीश, ग्वाल्हेरला. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींवर त्यांनी छळाचा आरोप केला. २०१४ च्या जुलैमध्ये त्यांची बदली झाली सीधीला, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मुलगी बारावीला असताना. त्यांनी अर्ज केले की मुलीचं वर्ष संपेपर्यंत थांबवा, अर्ज फेटाळले, शेवटी बाईंनी राजीनामा दिला. छळाचा आरोप चौकशी समितीसमोर सिद्ध झाला नाही हेही सांगते, लपवायचं काही नाही. पण जयसिंग त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टात उभ्या राहिल्या आणि १० फेब्रुवारी २०२२ ला कोर्टाने म्हटलं की हा राजीनामा स्वखुशीचा मानता येणार नाही, बाईंना नोकरीत परत घ्या. मागचा पगार नाही मिळाला, पण न्यायाधीशाची खुर्ची मिळाली, साडेसात वर्षांनी. हायकोर्टाच्या प्रशासनाविरुद्ध हे भांडण होतं, असली केस हातात घ्यायला किती वकील तयार होतील ते कुठल्याही बाररूममध्ये जाऊन विचारा.

गरिबाशी संबंध नाही म्हणे. जुलै १९८१, मुंबई, भर पाऊस, मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या झोपड्या काढून माणसांना आपापल्या गावी पाठवा. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या ओल्गा टेलिस केसचा निकाल वाचा, त्यात एका अर्जदाराची हकिगत आहे. तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ मध्ये मुंबईत आला, दहिसरला केमिकल कंपनीत रोजंदारी २३ रुपये. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासचा आडोसा, त्यासाठी झोपडीदादाने उकळले अडीच हजार. २३ जुलैला महापालिकेने तो आडोसा पाडला आणि बायकामुलांसकट सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या, हा कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवर. त्या याचिकेत वकिलांच्या यादीत जयसिंग यांचं नाव आहे. १९८५ च्या निकालात कोर्टाने झोपड्या कायमच्या राखल्या नाहीत, पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका एवढंच. पण पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो हे भारतात त्या निकालाने पक्कं केलं. अजूनही कुठल्या शहरात बुलडोझर आला की वकील हाच निकाल घेऊन धावतात.

कोर्टाची बदनामी हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो बरोब्बर उलटा आहे. २०१७ चा एक निकाल आहे, त्याचं नावच "इंदिरा जयसिंग विरुद्ध सुप्रीम कोर्ट ऑफ इंडिया". ज्या शाळेत आपलं पोर शिकतंय त्याच शाळेच्या हेडमास्तरवर दावा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी पोराला परत तिथेच पाठवायचं, तसं आहे हे. रोज ज्यांच्यासमोर उभं राहायचं त्यांनाच विचारायचं की वकिलांना सीनियरचा, म्हणजे ज्येष्ठ वकिलाचा, मान देता तो कशाच्या जोरावर देता. आधी न्यायाधीश बसून मतदान करायचे, निकष कुठे लिहिलेले नाहीत, का मिळाला का नाही मिळाला कुणाला कळत नसे, बायका त्यात किती कमी. या निकालाने कायमची समिती आणि शंभर गुणांची पद्धत आणली. आणि यात जयसिंग यांना स्वतःला काय मिळणार होतं? त्या १९८६ पासून सीनियर आहेत, मुंबई हायकोर्टाने तो मान दिलेल्या पहिल्या महिला. हां, ती गुणपद्धत पुढे नीट चालली नाही, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मोडीत काढली, त्यामुळे सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. पण आता निदान यावर उघड चर्चा होते.

कोर्टाचं कामकाज लाईव्ह दाखवा ही २०१८ ची मागणी, त्यातही एका लॉच्या विद्यार्थ्याबरोबर याचिकाकर्त्या जयसिंग. निकाल बाजूने लागला तरी कॅमेरे लागायला चार वर्षं गेली, २७ सप्टेंबर २०२२ उजाडला, आणि त्या पहिल्याच दिवशी दाखवलेल्यात आपली शिवसेनेची सुनावणी होती. काकांनी ती फोनवर पूर्ण बघितलेली मला माहितीये, आम्हाला मिनिटामिनिटाला अपडेट देत होते.

परदेशी पैसा. यात थोडं तथ्य आहे म्हणून सांगते. लॉयर्स कलेक्टिव्हचा परदेशी देणग्या घेण्याचा परवाना २०१६ मध्ये रद्द झाला, २०१९ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, ११ जुलैला जयसिंग आणि त्यांचे पती आनंद ग्रोव्हर यांच्या घरांवर छापे पडले. त्या ॲडिशनल सॉलिसिटर जनरल, म्हणजे केंद्र सरकारच्या वकील, असताना संस्थेकडून मानधन घेत होत्या, हा आक्षेप विचारण्यासारखा आहे, माझ्या मते त्यांनी तेव्हा ते थांबवायला हवं होतं. पण शिक्षा? कुठल्या कोर्टाने, कधी? छाप्यांनंतर दोनच आठवड्यांत मुंबई हायकोर्टाने सीबीआयला सक्तीची कारवाई करू नका म्हणून सांगितलं. फॉरवर्डवाल्याने एफआयआरची सरळ शिक्षा करून टाकली.

राहिलं संमतीचं वय. सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात जयसिंग यांना कोर्टाला मदत करायला नेमलंय, आणि २०२५ मध्ये त्यांनी लेखी मांडलं की सोळा ते अठरा वयातली मुलं-मुली आपसात राजीखुशीने एकत्र आली तर त्याला पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा, गुन्हा धरू नये. २०१२ पर्यंत आपल्याकडे संमतीचं वय सोळाच होतं, वर्षानुवर्षं. केंद्र सरकारने याला विरोध केलाय, आणि मलाही सगळं पटलंय असं नाही, दोन मुलींची आई आहे, भीती वाटतेच. पण घरच्यांच्या तक्रारीवरून सतरा वर्षांच्या मुलीच्या मित्राला बलात्कारी म्हणून आत टाकायचं का, हा तिथला प्रश्न आहे, आणि त्याला "लहान मुलींवर अत्याचाराची परवानगी" म्हणणाऱ्याने ते निवेदन उघडूनही पाहिलेलं नाही.