शिजलेल्या माशाची जात लॅबला कळत नाही म्हणे!

हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल: "हॉटेलात जिताडा म्हणून बासा देतात, तक्रार करून उपयोग नाही, सगळ्या माशांत प्रोटीन सारखंच, डोकं-कातडी काढून शिजवला की कुठलीच लॅब ओळखू शकत नाही, फारतर डीएनए." पहिल्या वाक्यावर माझं भांडण नाही, बासाचं पांढरं बोनलेस फिलेट कशाच्याही नावाने खपतं. पुढचं मात्र गंडलंय.

"प्रोटीन सारखंच." अहो, किती आहे ते साधारण सारखं, 15 ते 20 टक्के, पण कुठलं आहे ते नाही ना! लॅबमध्ये मांसाचा तुकडा पाण्यात घोटतात, सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवतात, म्हणजे गाळ तळाला बसतो, आणि वरचं नितळ पाणी जेलच्या पातळ थरावर ठेवून करंट सोडतात, त्या जेलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, बदलत जातो, आणि प्रत्येक प्रोटीन सरकत सरकत जिथे त्याचा चार्ज शून्य होतो तिथेच थबकतं. याला आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग म्हणतात. निळा रंग दिला की बारकोडसारख्या पट्ट्या उठतात. शेजारी खात्रीचा जिताडा, पलीकडे खात्रीचा बासा, की लावा जुळवून. अमेरिकेच्या एफडीएने तर माशांच्या अशा पट्ट्यांचा आख्खा कोशच केलाय.

"शिजवला की संपलं." हे अर्धं खरं. अंड्याचा पांढरा भाग गोठतो तशी बरीच प्रोटीनं गोठतात, मग साध्या पाण्यात उतरतच नाहीत. पण पार्व्हाल्ब्युमिन नावाचं एक चिमुकलं प्रोटीन, जेमतेम 12 किलोडाल्टनचं (हे प्रोटीनच्या वजनाचं माप), उकळूनही तग धरतं, आणि त्याच्या पट्ट्या बऱ्याच माशांत वेगवेगळ्या पडतात. माशाची अ‍ॅलर्जी बहुतेकांना याचीच असते, म्हणून तर कालवण कितीही उकळलं तरी त्यांना त्रास होतोच. गोठलेली प्रोटीनं युरियात विरघळवूनही टेस्ट करता येते. डब्यातल्या ट्यूनाचं मात्र अवघड, तिथे उष्णता फारच जास्त लागलेली असते.

आणि "फारतर डीएनए" म्हणजे काय हो? तीही लॅबच करते ना! जवळच्या भावकीतले मासे असले, ट्यूनाचेच वेगवेगळे प्रकार समजा, तर पट्ट्या इतक्या सारख्या दिसतात की डीएनएच गाठावं लागतं, कबूल. पण जिताडा आणि बासा ही भावकी नाहीच, एक खाडीतला आणि दुसरा मेकाँगकडचा कॅटफिश, म्हणजे शिंगाळ्याच्या गोतातला, इथे प्रोटीनच्या पट्ट्या पुरतात.

खरी पंचाईत दोन-तीन मासे एकत्र कुटून केलेल्या फिश कबाबची, तिथे सगळ्यांच्या पट्ट्या एकमेकांवर चढतात.