मेणवलीची घंटा नानांनी ओतवलेली नाही

वाई परिसरात स्थानिक इतिहासावर व्याख्यान झालं, की व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतं: मेणवलीच्या घाटावरची पंचधातूची घंटा नाना फडणवीसांनी ओतवून घेतली. तसं नाही. वाडा नि घाट नानांचा, घंटा पोर्तुगिजांची. घाटावरच्या छोट्या देवळात जवळ जाऊन बघा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हा आकडाही. नानांचा जन्मच मुळी १७४२चा! १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. (काही वक्ते तिथे थोरल्या बाजीरावांनाच उभं करतात, ते त्या वेढ्यात नव्हते.) नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरलाही अशाच पोर्तुगीज घंटा टांगलेल्या आहेत.