सीबी अँटेनाची केबल ‘बरोबर १८ फूट’च हवी का?

अमेरिकेत जीप रँग्लर घेऊन डोंगरात आणि वाळवंटात उतरणाऱ्यांमध्ये सीबी रेडिओ (गाडी-गाडीत बोलण्यासाठीचा सिटिझन्स बँड रेडिओ) बसवण्याचा एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो असा: केबल बरोबर १८ फूट घ्या, ती सीबीची अर्धी तरंगलांबी आहे, कमी पडली तर रेडिओ जळेल. उरलेली केबल घट्ट गुंडाळून सीटखाली सारा. अँटेना स्पेअर टायरच्या माउंटवर लावा, ग्राउंड, म्हणजे अँटेनाला लागणारा गाडीच्या धातूचा आधार, केबलच्या आतल्या धातूच्या जाळीतून मिळतंच. आणि मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप) १ दिसला की काम झालं. या चारही गोष्टींत गफलत आहे. हे ऐकून बसवलेला रेडिओ घरासमोर बोलतो आणि ट्रेलवर पुढची गाडी वळणाआड गेली की मुका होतो.

आधी १८ फूट. चॅनेल १९ ची फ्रीक्वेन्सी २७.१८५ मेगाहर्ट्झ. तरंगलांबी ११ मीटर, म्हणजे अर्धी साडेपाच मीटर, जवळजवळ १८ फूट. हिशेब बरोबर आहे, पण तो हवेतला. केबलमध्ये लहर हळू चालते. भरीव पॉलिथिलीनच्या साध्या आरजी-५८ जातीच्या केबलमध्ये तिचा वेग हवेतल्याच्या ६६ टक्के असतो, त्यामुळे तिथे अर्धी तरंगलांबी १२ फुटांवरच येते. फोमच्या आरजी-८एक्समध्ये वेग ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण साडेचौदा फूट. जी केबल १८ फूट घ्या म्हणून सांगतात, ती त्या लांबीला अर्धी तरंगलांबी नसतेच.

शिवाय त्याची गरजही नाही. अँटेना ५० ओहमला (ओहम म्हणजे इथे रेडिओ लहरीला होणाऱ्या विरोधाचं माप) नीट लागलेली असेल आणि केबल ५० ओहमची असेल, तर ९ फूट काय आणि १५ फूट काय, रेडिओला फरक पडत नाही. आरजी-५८ च्या १८ फुटांत ४ वॉटपैकी साधारण ०.३ ते ०.४ वॉट वाया जातो, ९ फुटांत त्याच्या निम्मा. तेवढं ऐकणाऱ्याच्या कानाला कळत नाही. रेडिओ जळतो तो बिघडलेल्या अँटेनामुळे किंवा शॉर्टमुळे. गाडीतून केबल जिथून न्यायची आहे तिथून दोरी टाकून मोजा, फूटभर जास्त धरा आणि तेवढीच केबल घ्या.

हा १८ चा आकडा खरा ठरतो तो दोन अँटेनांच्या जोडणीत. तिथे प्रत्येक अँटेनाला ७५ ओहमची आरजी-५९ लागते आणि तिची लांबी पाव तरंगलांबीच्या विषम पटीत हवी. ६६ टक्के वेगाने पाऊण तरंगलांबी बरोबर १८ फुटांच्या जवळ येते. ती केबल ५० ओहमचे ११२ करते, आणि असे दोन समांतर जोडले की रेडिओला ५६ ओहम दिसतात. ट्रकवाल्यांच्या जोड-अँटेनांचा हा नियम एकट्या अँटेनाला लावला की वेगळीच पंचाईत होते. ग्राउंड न लागणाऱ्या खास किटबरोबर येणारी केबलही कापायची नाही, कारण तिथे केबल अँटेनाच्याच मापात धरलेली असते. हे दोन अपवाद सोडले तर लांबीचा धाक बाळगायचं कारण नाही.

उरलेल्या केबलच्या गुंडाळीबद्दल थोडक्यात. फोमच्या केबलला घट्ट वळण दिलं की उन्हात तापलेल्या गाडीत आतली तार हळूहळू मधून सरकते आणि शेवटी जाळीला टेकते. उरलीच तर फूटभर लांबीचे सैल वेढे द्या. दरवाजाच्या किंवा टेलगेटच्या फटीत चेपू देऊ नका, एक्झॉस्टपासून लांब ठेवा. केबल आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट बसवा आणि त्याच्या आधी एक झोळ सोडा, म्हणजे पाणी झोळावरून खाली गळेल. प्लगमधून जाळीत शिरलेलं पाणी केबलभर पसरतं, म्हणून बाहेरच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा.

ग्राउंडचा मुद्दा मात्र सगळ्यात महागात पडतो. रँग्लरचं हार्डटॉप फायबरचं असतं, म्हणजे छपराचा उपयोग शून्य. २०१८ पासूनच्या जेएल मॉडेलमध्ये हूड, दरवाजे आणि फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, तिथे मॅग्नेट माउंट चिकटतच नाही. टेलगेट बॉडीला बिजागरांनी जोडलेलं असतं आणि बिजागरांवर रंगाचे थर. केबलच्या जाळीतून डीसी ग्राउंड मिळतं, मल्टिमीटर ‘चालू’ दाखवतो, पण आरएफसाठी, म्हणजे रेडिओ लहरींसाठी, ती लांब, नको तिथे जाणारी वाट आहे. मग जाळीच अँटेनाचा भाग होऊन बसते: मायकला हात लावला की आवाज बदलतो, केबल हलवली की मीटर हलतो.

उपाय असा. माउंट बसतो तिथला रंग खरवडून चकचकीत धातू काढा, दातेरी वॉशर घाला. टेलगेट आणि बॉडी यांच्यामध्ये अर्धा ते एक इंच रुंद, चपटी, कल्हईची तांब्याची जाळीपट्टी शक्य तितकी आखूड लावा. बारीक लांब वायर इथे कुचकामी. ॲल्युमिनियमला तांबं लागतं तिथे ग्रीस फासा, नाहीतर जोड गंजतो. मग अँटेना काढून, केबल रेडिओपासून सोडून मल्टिमीटर लावा. माउंट ते बॅटरीचं निगेटिव्ह एक ओहमच्या आत यायला हवं. स्टडची (अँटेना ज्यावर बसते त्या बोल्टची) मधली तार आणि माउंट यांच्यात काहीच जोड नको. जोड दिसला तर स्टडचा नायलॉन वॉशर उलटा किंवा चुकीच्या जागी बसलाय. त्याचा खांदा भोकाच्या आत उतरायला हवा. नव्या बसवणीत सगळ्या चॅनेलवर एसडब्ल्यूआर मीटर ३ च्या पार गेला की बहुतेक वेळा हाच वॉशर दोषी असतो. तोवर बोलायचं बटण दाबू नका.

शेवटचा दावा, एसडब्ल्यूआर १. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (पॉवर नुसती उष्णतेत घालवणारा रोध) लावला तरी मीटर १ च दाखवतो, आणि आवाज शेजारच्या गल्लीतही पोचत नाही. १.५ ला ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के. म्हणून सगळ्या चॅनेलवर २ च्या आत आलं की पुरे. त्यापुढचा वेळ अँटेनाचा जास्तीत जास्त भाग छपराच्या वर काढण्यात घालवा. मागच्या डाव्या कोपऱ्यातली अँटेना पुढे उजवीकडे जोरात बोलते, कारण धातू त्या बाजूला पसरलेला असतो.

मोजताना गाडी मोकळ्यावर, दरवाजे आणि टेलगेट बंद, जवळ माणूस नको. चॅनेल १ आणि ४० वर एसडब्ल्यूआर मोजा. १ वर जास्त असेल तर अँटेना आखूड आहे, लांब करा. ४० वर जास्त असेल तर कमी करा. मग मधे तीन फुटांची जास्तीची केबल जोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच बदलला तर जाळीतून करंट वाहतो आहे आणि ग्राउंड अजून कच्चं आहे; केबल कापून आकडा बसवू नका, जाळीपट्टीकडे परत जा. आणि स्प्रिंग किंवा झटपट सुटणारा जोड नंतर लावलात, तर अँटेनाची लांबी तेवढी वाढते, म्हणून दोन्ही चॅनेल पुन्हा मोजावे लागतात.