तीन कप्प्यांतलं आर्सेनिक

वाचणाऱ्यांच्या जगात एक उतरंड ठरून गेली आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. हातात विज्ञानावरचं पुस्तक असलं की माणूस 'काहीतरी चांगलं' वाचतोय. रहस्यकथा असली तर ठीक आहे, प्रवासात चालतं. ती विनोदी असली तर मग नुसता टाइमपास. आणि ऐतिहासिक प्रेमकथा? ती तर लोक कव्हर घालून वाचतात. मी हे तिन्ही प्रकार आलटूनपालटून वाचते, ठरवून वाचते. माझं स्पष्ट मत आहे की यांपैकी एकालाच धरून बसलेला वाचक त्याचा लाडका प्रकारसुद्धा अर्धाच वाचतो.

आर्सेनिकचंच घ्या. १७७५ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्या संयुगातून एक सुरेख हिरवा रंग तयार केला. पुढच्या शतकात तो आणि त्याच्याहून झळझळीत निघालेला त्याचा भाऊबंद युरोपभर पसरले. भिंतींना चिकटवायच्या रंगीत कागदात, टोपीवरच्या कापडी फुलांत, नाचाच्या समारंभात घालायच्या झग्यांत. विज्ञानाच्या पुस्तकात ही गोष्ट एका रंगाची आणि त्याने आजारी पाडलेल्या कामगारांची असते. रहस्यकथेत तेच आर्सेनिक पांढरी पूड होऊन येतं आणि कुणाच्या तरी पेल्यात पडतं. प्रेमकथेत ते नाव न घेता येतं: नायिका हिरवा झगा घालून जिना उतरते आणि सगळे वळून बघतात.

जेम्स मार्शने शरीरातलं आर्सेनिक ओळखण्याची भरवशाची चाचणी १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. १८४० मध्ये फ्रान्समध्ये मारी लाफार्जवर नवऱ्याला विष दिल्याचा खटला चालला, तेव्हा ऑर्फिला या विषतज्ज्ञाने हीच चाचणी वापरली आणि ती जगभर गाजली. आता १८२० साली घडणाऱ्या कादंबरीतला डॉक्टर प्रेताकडे एक नजर टाकून छातीठोकपणे "आर्सेनिक!" म्हणाला, की मी तिथेच थांबते. आणि त्या हिरव्या झग्याचं वर्णन आलं, की लेखिकेने काहीही सुचवलेलं नसताना माझ्या अंगावर काटा येतो. हे मला कुठल्याही एका पुस्तकाने दिलेलं नाही. तीन पुस्तकं शेजारी आली म्हणून ते मिळालं.

आता थोडं वादग्रस्त बोलते. या तिघांत सर्वांत जास्त शंका घेत वाचायला हवं ते विज्ञानाचं पुस्तक. बरोबर त्याच्याच बाबतीत आपण मान डोलावत राहतो, कारण त्यात आकडे असतात आणि मलपृष्ठावर लेखकाच्या पदव्या असतात. मी आधी प्रकाशनाचं वर्ष बघते. माणसाच्या शरीरात जनुकं किती, याचे १९९० च्या दशकातले अंदाज लाखाच्या घरात जात होते. २००१ मध्ये जनुकसंचाचा पहिला मसुदा आला तेव्हा आकडा तीस-चाळीस हजारांवर उतरला. आज प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास मानली जातात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला आणि २०२२ पर्यंत आपल्या सूर्यमालेबाहेरच्या निश्चित झालेल्या ग्रहांची संख्या पाच हजारांपलीकडे गेली. १९९० सालचं खगोलशास्त्राचं पुस्तक त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. फक्त ते कुठल्या साली उभं राहून आकाशाकडे बघतंय, हे वाचकाला माहीत हवं.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत तर हे फारच जपावं लागतं. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठळक निष्कर्ष होता, तो पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्क्यांत टिकला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे लिहिलं की २०११ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकातल्या एका प्रकरणात, थोड्याच लोकांवर झालेल्या अभ्यासांवर आपण नको इतका विश्वास टाकला होता. नोबेल मिळालेला माणूस हे लिहितो, याने माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर वाढला. पण ते पुस्तक २०१२ मध्ये वाचून बाजूला ठेवलेले कितीतरी वाचक अजूनही ते प्रकरण छातीठोकपणे इतरांना सांगत असणार.

मग चांगलं विज्ञानाचं पुस्तक ओळखायचं कसं? मी मधलं कुठलंही पान उघडते आणि बघते, की हे 'कसं कळलं' ते लेखक सांगतोय का. नुसतं 'काय कळलं' सांगणारं पुस्तक मी परत ठेवते. या बाबतीत माझा आदर्श जुना आहे. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, सगळी एका मेणबत्तीवर. ज्योत पिवळी का दिसते? तर तिच्यात तापून उजळलेले काजळीचे कण असतात म्हणून. मेण कुठे जातं? जळून उरतं काय? प्रत्येक उत्तर समोर प्रयोग करून दाखवलेलं. आणि शेवटच्या व्याख्यानात ते मेणबत्तीच्या जळण्यावरून थेट आपल्या श्वासोच्छ्वासापर्यंत पोचतात. खुनी कोण हे शोधणाऱ्या गुप्तहेराची चाल याहून वेगळी नसते.

इथून विनोदी रहस्यकथा फार दूर नाही. (गॅलिलिओने १६३२ मध्ये पृथ्वी फिरते की सूर्य, हा वाद तीन माणसांच्या गप्पांमधून लिहिला, तोही लॅटिनऐवजी इटालियन भाषेत, आणि त्या तिघांतला सिम्प्लिचिओ वाचकाला हमखास हसवतो. विज्ञान आणि विनोद यांचं हे नातं जुनंच आहे.)

विनोदी रहस्यकथेला हलकं समजणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ती लिहायला गंभीर रहस्यकथेपेक्षा अवघड असते. रहस्यकथेचा करार असा की सगळे धागेदोरे वाचकासमोर ठेवायचे आणि तरीही ते त्याच्या लक्षात येऊ द्यायचे नाहीत. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू आणि रहस्यकथाकाराने यासाठी दहा नियम मांडले. त्यात गुप्तहेराच्या मित्राने मनातलं काही लपवू नये आणि त्याची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचितच कमी असावी, असाही एक नियम होता. १९३० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळाच्या सदस्यांना तर शपथ घ्यावी लागे, की आपले गुप्तहेर दैवी साक्षात्कार किंवा योगायोग यांच्या आधाराने गुन्हा उकलणार नाहीत.

गंभीर रहस्यकथा धागा तपशिलांच्या गर्दीत लपवते. विनोदी रहस्यकथा तो हसण्यात लपवते. आपण हसतो त्या क्षणी आपली चौकशी थांबते, आणि नेमकं तेव्हाच महत्त्वाचं वाक्य निघून जातं. बडबड्या मावशी, सारखा विसरणारा म्हातारा, आगाऊ पोरगं, कुणी मनावर घेत नाही असा नोकर: यांच्यापैकीच कुणीतरी तिसऱ्या प्रकरणात खरं सांगून मोकळं झालेलं असतं. शेवट कळल्यावर मागे जाऊन ते पान काढते तेव्हा मला कळतं, की मी कुणाचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढं आत डोकावायला लावणारा दुसरा साहित्यप्रकार मला माहीत नाही.

सत्यजित राय यांच्या फेलुदा या गुप्तहेराच्या कथांमध्ये १९७१ च्या 'सोनार केल्ला'पासून जटायू येतो. स्वतः थरारक कादंबऱ्या लिहिणारा, लोकप्रिय, आणि आपल्या पुस्तकांत माहितीच्या ढोबळ चुका करणारा. फेलुदा त्या दुरुस्त करतो. त्या जोडीवर मुलं खळखळून हसतात आणि हसता हसता शिकतात की छापून आलं म्हणजे खरं असतंच असं नाही. जटायूचा अपमान मात्र होत नाही, तो फेलुदाचा मित्रच राहतो. विनोदी रहस्यकथा निवडताना मी हेच बघते: हसू कुणाच्या जिवावर येतंय? मेलेला माणूस मेल्यानंतर कुणालाच आठवत नसेल, तर ती कथा मला नको.

आता ऐतिहासिक प्रेमकथा. हिच्यावर मी सर्वांत जास्त बोलणार आहे, कारण हिच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो.

लोक म्हणतात, शेवट तर माहीतच असतो. अहो, पण मराठी वाचकाला हे कशाला सांगायला हवं? रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ मध्ये आली. माधवराव १७७२ मध्ये जाणार हे पहिलं पान उघडण्याआधीच ज्याला त्याला ठाऊक होतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या वाचतात, कारण प्रश्न 'काय होणार' हा नाहीच. माधवराव आणि रमाबाई या दोघांना एकमेकांसाठी किती वेळ मिळणार आणि तो ते कसा घालवणार, हा आहे. शेवट माहीत असताना वाचणं हे एक वेगळं कौशल्य आहे आणि फक्त रहस्यकथा वाचणाऱ्याकडे ते येत नाही.

आणि इथेही विज्ञानाचा कप्पा हाक मारतो. माधवरावांना क्षय होता. क्षयाचा जीवाणू सापडल्याचं रॉबर्ट कॉखने जाहीर केलं ते २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे ११० वर्षांनंतर. त्याच्यावर चालणारं स्ट्रेप्टोमायसीन वेगळं करता आलं १९४३ मध्ये. हे वाचून पुन्हा त्या आजारपणाकडे वळलं, की वैद्यांची हतबलता वेगळीच दिसते. उशाशी बसलेल्या कुणालाही माहीत नाही की हा आजार श्वासातून पसरतो. त्या खोलीत काय चाललंय हे वाचकाला कळतंय आणि पात्रांना कळत नाहीये. एवढी घालमेल कुठल्याही रहस्यकथेने मला दिलेली नाही.

इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथांचा मोठा भाग १८११ ते १८२० या रीजन्सी काळात, म्हणजे आजारी राजाच्या वतीने युवराज राज्य चालवत होता त्या काळात, घडतो. तो काळ कायद्यांनी आणि अडचणींनी ठासून भरलेला आहे. १७५४ पासून लागू झालेल्या कायद्याने अल्पवयीन मुलामुलींना पालकांच्या मनाविरुद्ध लग्न करणं इंग्लंडमध्ये अवघड झालं. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून कादंबरीतली जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनकडे घोडागाडी पिटाळतात. १८४० पर्यंत टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे, तोही कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर. म्हणून लोक एकाच कागदावर आडवं लिहून झालं की त्याच ओळींवर उभं लिहीत. आणि घरात कुणीतरी पैसे मोजल्याशिवाय पत्र आत येत नसेल, तर चोरून आलेलं प्रेमपत्र ही किती जोखमीची गोष्ट! १८८२ च्या कायद्यापर्यंत लग्न झालेल्या इंग्रज बाईच्या बहुतेक मालमत्तेवर नवऱ्याचा ताबा असे. 'होकार द्यायचा की नाही' या एका प्रश्नाला तेव्हा पुरं आयुष्य जोडलेलं होतं.

म्हणून मी अशा कादंबरीत अडथळा कुठला आहे ते आधी बघते. अडथळा त्या काळाचा असेल तर मी शेवटपर्यंत जाते. दोघांनी पाच मिनिटं नीट बोलून मिटलं असतं अशा गैरसमजावर तीनशे पानं उभी केली असतील, तर सोडून देते. नायिकेच्या तोंडी आजची सगळी मतं घालून तिला जुने कपडे चढवलेले असतील तरीही सोडते. शेवटी लेखकाची टीप असेल तर ती मी आधी वाचते. काय खरं, काय रचलेलं, हे सांगणाऱ्या लेखकावर माझा जीव जडतो.

अजून एकच उदाहरण देते. वॉटर्लूची लढाई जून १८१५ मध्ये झाली, त्यामुळे लढाईवरून परतलेल्या नायकाची कथा पुष्कळदा १८१६ च्या उन्हाळ्यात येते. आता एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्यातून उंच वातावरणात गेलेल्या गंधकाच्या बारीक कणांनी ऊन अडवलं, पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं, आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पावसाने पिकं गेली, लोक उपाशी राहिले. तेव्हा १८१६ च्या जुलैत इंग्लंडच्या बागेत आठवडेच्या आठवडे लख्ख उन्हात सहली चालल्या असतील, तर लेखकाने घरचा अभ्यास केलेला नाही. आणि ज्याने केलाय, त्याच्या कादंबरीत पाऊस थांबत नाही, धान्याची काळजी दारापर्यंत येते, नायक-नायिका दिवसेंदिवस एकाच घरात अडकून पडतात. ज्वालामुखीने जमवलेलं प्रेम! असं पुस्तक मिळालं तर मी रात्र जागून वाचीन.

पुढचं पुस्तक निवडताना मी विचारते, की आत्ताच्या पुस्तकाने माझ्याकडून काय मागितलं नाही. विज्ञानाने पात्रं मागितली नसतील तर प्रेमकथा. प्रेमकथेने शंका मागितली नसेल तर रहस्यकथा. खूप रडवणाऱ्या कादंबरीनंतर मी मुद्दाम ज्योत, दगड, तारे यांच्याकडे जाते, जिथे कुणाचा कुणावर राग नसतो. कधीकधी क्रम मोडतोही, त्याचं काही वाटत नाही.

सध्या माझ्याकडे विज्ञानाची पुस्तकं भरपूर आहेत, ऐतिहासिक प्रेमकथाही दोन रांगेत आहेत. तुटवडा आहे तो चांगल्या विनोदी रहस्यकथांचा, विशेषतः मूळ मराठीतल्या. धागेदोरे प्रामाणिक असलेल्या आणि मेलेल्या माणसाची आठवण ठेवणाऱ्या. तुमच्या कपाटात अशी एखादी असेल तर तिचं नाव सांगा. फक्त खुनी कोण ते सांगू नका.